नागरी संस्थांची स्थापना व बरखास्ती (मुंबई व परिसर)

कोणत्या वस्तीला नगरपालिका द्यायची, तिची हद्द कुठवर आखायची आणि निवडून आलेले सभागृह केव्हा बरखास्त करता येईल, हे राज्याच्या कायद्याने ठरते. बृहन्मुंबईला १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम लागू आहे. राज्यातील इतर महानगरपालिका १९४९ च्या अधिनियमाखाली येतात (त्याचे जुने नाव मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम), तर नगरपरिषदा आणि नगरपंचायती १९६५ च्या. त्यामुळे दहिसरचा नाका ओलांडून मीरा रोडला पोचले की पालिकेचा कायदाच बदलतो.

१९६५ च्या कायद्यानुसार नगरपरिषदेसाठी २५,००० हून अधिक लोकसंख्या आणि किमान ३५ टक्के रोजगार शेतीबाहेरचा असावा लागतो. महानगरपालिकेसाठी लोकसंख्येची अट ३ लाखांची आहे. शासन आधी अधिसूचनेचा मसुदा काढते, हरकती व सूचना मागवते, मग राजपत्रात अंतिम अधिसूचना येते. खरी लढाई हरकतींच्या टप्प्यावर होते. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व भोवतालची गावे मिळून २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा गावकऱ्यांनी गावे वगळण्यासाठी आंदोलन केले. कल्याण-डोंबिवलीतील २७ गावे तर २००२ मध्ये बाहेर काढली गेली आणि २०१५ मध्ये परत आत आली.

सभागृह बरखास्त झाले म्हणजे पालिका बंद पडली, असा समज सर्रास आढळतो. तसे काही होत नाही. नळाला पाणी येत राहते, मालमत्ता कराचे बिलही चुकत नाही. जातात ते नगरसेवक, आणि त्यांचे अधिकार प्रशासकाकडे येतात. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने याला बांध घातला. बरखास्तीपूर्वी पालिकेला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते आणि सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते. नवे सभागृह उरलेल्या मुदतीपुरतेच असते. उरलेली मुदत सहा महिन्यांहून कमी असेल, तर तेवढ्यासाठी निवडणुकीची सक्ती नाही.

मुदत संपणे ही वेगळी गोष्ट. पाच वर्षे झाली की सभागृह आपोआप संपते, शासनाला बोटही उचलावे लागत नाही. त्याआधी निवडणूक व्हावी, असे घटना सांगते. मुंबईत मात्र मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, आयुक्तच प्रशासक झाले आणि प्रभागरचना व इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादात निवडणूक जानेवारी २०२६ पर्यंत लांबली. बरखास्तीनंतर सहा महिन्यांची सक्ती असताना बरखास्त न झालेले शहर जवळपास चार वर्षे नगरसेवकांविना राहिले, हा विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे. मुंबईत याआधी १९८४-८५ मध्येही प्रशासक होते.

संस्थाच नाहीशी होते ती विलीनीकरणात. वांद्रे आणि कुर्ल्याला एकेकाळी स्वतःच्या नगरपालिका होत्या. १९५० मध्ये त्या मुंबई महानगरपालिकेत सामावल्या गेल्या. १९५७ मध्ये हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. पनवेलची १८५२ पासूनची नगरपालिका २०१६ मध्ये महानगरपालिकेत विरघळली. अशा वेळी जुन्या संस्थेची मालमत्ता, देणी आणि कर्मचारी नव्या संस्थेकडे जातात.