दोन हजार फुटांवरून एक हजारावर: विमानांमधील उभ्या अंतराची पार्श्वभूमी

साधारण 29,000 ते 41,000 फुटांच्या पट्ट्यात एकमेकांच्या वरखाली उडणाऱ्या प्रवासी विमानांमध्ये आज किमान 1,000 फुटांचे उभे अंतर राखले जाते. 1960 पासून जवळजवळ चार दशके ते 2,000 फूट होते, आणि दोन्ही आकडे मुळात ठरले ते उंचीमापकाच्या अचूकतेवरून.

हा उंचीमापक खरे तर बाहेरच्या हवेचा दाब मोजतो आणि 1013.25 हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब धरून त्याचे फुटांत रूपांतर करतो. समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे सुमारे 27 फूट. 37,000 फुटांवर मात्र तेवढीच चूक सुमारे 95 फुटांची होते. त्यामुळे 1950 च्या दशकात जेट विमाने वर जाऊ लागली, तेव्हा खाली पुरेसे असलेले 1,000 फुटांचे अंतर तिथे अपुरे ठरू लागले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 1954 मध्ये या प्रश्नासाठी तज्ज्ञमंडळ नेमले, 1960 मध्ये उंचावरचे अंतर दुप्पट केले, आणि 29,000 फुटांची सीमारेषा 1966 मध्ये जगभरासाठी निश्चित झाली.

पुढे इंधन महागले, वाहतूक वाढली आणि किफायतशीर उंचीवरच गर्दी होऊ लागली. 1982 पासून अमेरिका, युरोप, जपान, कॅनडा आणि सोव्हिएत संघात झालेल्या अभ्यासांतून दिसले की, दोन स्वतंत्र उंचीमापन यंत्रणा, उंची धरून ठेवणारा ऑटोपायलट आणि पातळी सुटल्यास इशारा देणारी यंत्रणा असेल, तर 1,000 फूट पुरतात. मार्च 1997 मध्ये उत्तर अटलांटिकवर आरंभ झाला. जानेवारी 2002 मध्ये युरोप, 2005 मध्ये उत्तर अमेरिका आणि 2011 मध्ये रशिया त्यात आले.

या बदलामुळे पट्ट्यातील पातळ्या सातच्या तेरा झाल्या, एवढेच बहुधा सांगितले जाते. त्याहून नाजूक बाब दिशांची होती. जुन्या पद्धतीत 31,000, 35,000 आणि 39,000 फूट या पातळ्या पश्चिमेकडे जाणाऱ्यांच्या होत्या. नव्या पद्धतीत त्या पूर्वेकडे जाणाऱ्यांना मिळाल्या. म्हणजे शेजारच्या दोन हवाई क्षेत्रांत वेगवेगळे नियम असतील, तर सीमेवर अनेक विमानांची पातळी नियंत्रकाला बदलावी लागणार. युरोप आणि उत्तर आफ्रिकेतील 41 देशांनी एकाच दिवशी बदल केला, त्यामागे हे मोठे कारण होते.

उंचीमापन यंत्रणेतील चूक कॉकपिटमध्ये बसून ओळखता येत नाही, ही अडचण मात्र राहतेच. दाब घेणाऱ्या छिद्राजवळचा पत्रा किंचित जरी वाकला, तरी आकडा चुकतो. तोच आकडा ट्रान्सपॉन्डरमार्फत, म्हणजे रडारला उत्तर देणाऱ्या विमानातील उपकरणामार्फत, नियंत्रकाच्या पडद्यावर जातो आणि टक्कर टाळणारी यंत्रणाही त्यावरच विसंबते. म्हणून जमिनीवरील केंद्रे विमानाची भौमितिक उंची, म्हणजे हवेच्या दाबावर न विसंबता काढलेली प्रत्यक्ष उंची, स्वतंत्रपणे मोजतात, हवामानाच्या नोंदींशी ती ताडून पाहतात, आणि मर्यादेबाहेरची चूक आढळल्यास दुरुस्ती होईपर्यंत त्या विमानाला या पट्ट्यात सामान्यतः उडू दिले जात नाही.