सायकलच्या चेनला तेल कोणतं? आणि घातल्यावर काय?

दुकानात रोज कुणी ना कुणी हे विचारतंच, म्हणून एकदाचं छापून ठेवलंय.

जून ते सप्टेंबर वेट ल्यूब वापरा. दाट असतं, घोडबंदर रोडच्या चिखलपाण्यातही टिकतं. पाऊस सरला की ड्राय ल्यूब. धूळ कमी ओढतं, पण लवकर संपतं. तेलाऐवजी चेन गरम मेणात बुडवण्याचं विचारणारे वाढलेत. मेण लावलेली चेन स्वच्छ राहते, हात काळे होत नाहीत. पण त्याआधी कंपनीचं ग्रीससुद्धा पार उतरवावं लागतं, आणि एका मुसळधार पावसात मेण जातं, मागून गंज येतो. दर रविवारी येऊरचा डोंगर चढणाऱ्यांनी दिवाळीनंतर जरूर लावावं. रोज स्टेशनला सायकल लावणाऱ्यांना आम्ही ते मागूनही देत नाही.

खोबरेल थंडीत थिजतं. गाडीच्या जळक्या ऑइलमध्ये काजळी आणि धातूचा कीस असतो. डब्ल्यूडी-४०चा स्प्रे मुळात पाणी हटवायला बनवलेला. गंजलेला नट सोडवायला उत्तम, चेनचं तेल म्हणून नाही.

आता खरं दुखणं. तेल लागतं रोलरच्या, म्हणजे कडीतल्या फिरत्या नळीच्या आत, तिच्यातून जाणाऱ्या पिनपाशी. बाहेर चकाकणारं तेल फक्त धूळ धरतं. एक काका म्हणाले, "दर आठवड्याला तेल घालतो हो!" खरंच घालत होते, जुन्यावर नवं. कडीत टाचणी फिरवली तर काजळासारखा लगदा निघाला, बोटांत चोळला तर कचकचला. तो पॉलिश पेपरसारखा पिना खातो. चेन तर गेलीच, कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअर-चकत्यांचे दातेही टोकदार झाले होते. म्हणजे खर्च दुप्पट-तिप्पट.

म्हणून आधी चेन पुसा, मग प्रत्येक रोलरवर एकच थेंब, पेडल उलटं फिरवा, रात्रभर राहू द्या. सकाळी निघण्याआधी बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. कोरडं वाटलं तरी आत आहे.

"नुसतं तेलच तर घालायचंय" म्हणून सायकल आणता आणि आम्ही संध्याकाळी या म्हणतो, ते यासाठीच. लगदा धुऊन चेन वाळल्याशिवाय आम्ही बाटली उघडत नाही. धुण्याचा चार्ज वेगळा आहे, आधी सांगतो.

झीज घरीही कळते. पट्टीचा शून्य एका पिनवर धरा. पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. १/१६ इंच पुढे गेली की चेन बदला. पट्टी फुटापेक्षा लांब घ्या, नाहीतर दुकानात या, मोजायचे पैसे घेत नाही. दोन्ही ल्यूबच्या छोट्या बाटल्या काउंटरवर आहेत. पुसायला चिंधी मात्र घरचीच आणा, जुनं बनियन सगळ्यात बरं.