वटवाघूळ (टाकाऊ वस्तूंची हस्तकला)

घरातील टाकाऊ वस्तू वापरून मुलांकडून करून घेतली जाणारी वटवाघळाची प्रतिकृती. तिच्यासाठी बहुधा अंड्यांचा लगद्याचा ट्रे, टिश्यू पेपरच्या गुंडाळीतील पुठ्ठ्याची नळी किंवा जुन्या छत्रीचे कापड घेतात.

'वाघूळ' हा शब्द संस्कृत 'वल्गुली'वरून आला असावा, असे सामान्यतः मानतात. 'वट'चा संबंध वडाशी जोडला जातो. फळे खाणारी मोठी वाघळे वडासारख्या झाडांवर थव्याने लटकतात, हे पाहता तो ग्राह्य वाटतो. अमरकोशात 'जतुका' या नावाबरोबर 'अजिनपत्रा' हा पर्याय येतो. अजिन म्हणजे कातडे; अजिनपत्रा म्हणजे कातड्याच्या पंखांची. प्रतिकृती करणाऱ्याला या सर्व नावांत हेच अधिक उपयोगी आहे, कारण पिसे रंगवलेले वटवाघूळ पाखरू होऊन बसते.

वटवाघळाचा पंख हा मुळात हात असतो. त्याच्या गणाचे 'कायरोप्टेरा' हे नावही ग्रीक भाषेतील 'हात' आणि 'पंख' या शब्दांपासून झाले आहे. चार लांब बोटांमध्ये कातडे ताणलेले असते आणि नखाचा आंगठा वरच्या कडेला मोकळा राहतो. म्हणून मुलाला प्रथम स्वतःचा पंजा बोटे फाकवून कागदावर आखायला द्यावा. त्या बोटांची टोके आत वळणाऱ्या कमानींनी जोडली की पंखाची खालची कड आपोआप मिळते. जुन्या छत्रीत हे आयतेच असते: दोन काड्यांमधील कापडाची कड तशीच आत वळलेली असते. शेजारचे दोन-तीन तुकडे एकत्र कापून घेतल्यास शिवण बोटांच्या हाडांसारखी दिसते.

ट्रेच्या एका ओळीतील तीन खळगे कापून मधला धडासाठी व बाजूचे पंखांसाठी ठेवतात. लगदा पाणी शोषतो, त्यामुळे रंग दाट लावावा. पातळ रंगाने कडा मऊ पडून फाटतात. अंड्यांच्या खोक्याचे श्रेय बहुतेक ठिकाणी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे संपादक जोसेफ कॉयल यांना (१९११) दिले जाते. लिव्हरपूलच्या टॉमस बेथेल यांची पेटी १९०६ मधील, म्हणजे त्याआधीची. परंतु तिची रचना वेगळी असल्याने कॉयल यांचा मान कायम ठेवणे योग्य. लगद्याचा ट्रे नंतरचा आहे.

नळीच्या वरच्या टोकाची पुढची व मागची कड बोटाने आत दाबली की दोन्ही बाजूंना टोकदार कान उभे राहतात. त्यासाठी कात्री लागत नाही. डोळे मात्र रंगवावेत, कारण वटवाघळे आंधळी नसतात. सुळ्यांवरून रक्ताचे ओघळ दाखवण्याची सवय अन्यायाची आहे. चौदाशेहून अधिक जातींपैकी केवळ तीन रक्तावर जगतात व त्या अमेरिका खंडांतच आढळतात.

प्रतिकृती उलटी टांगतात. पायांच्या जागी कपड्यांचा चिमटा लावल्यास तो दोरीला आपसूक धरून राहतो. वटवाघळाच्या पायातही शरीराच्या भाराने स्नायुबंध ताणला जाऊन नख्या मिटलेल्या राहतात, म्हणून त्याला झोपेतही पकडीसाठी जोर लावावा लागत नाही.