हरणाच्या मटणाचा परवाना नाहीच. बटेर विकायचं तर अर्ज कुठे अडतो ते वाचा

"हरणाचं मटण ठेवायचंय, परवाना कुठे काढायचा?" पुण्यात हॉटेल काढणारं कोणी ना कोणी हे विचारतंच. बहुतेक जण न्यूझीलंड नाहीतर ब्रिटनमध्ये खाऊन आलेले असतात. तिथे हरणं फार्मवर पाळतात, मांसात चरबी कमी असते म्हणून लोक आवडीने घेतात. आपल्याकडे तसा परवानाच नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली चितळ, सांबर, भेकर, रानससा, रानडुक्कर, तित्तर सगळे संरक्षित आहेत. मुळशी-वेल्ह्याकडून कोणी ओळखीवर ससा आणून देतो म्हणालं तरी घेऊ नका, घेणाराही अडकतो. शिक्षा 3 वर्षांपर्यंत. अनुसूची 1, म्हणजे कायद्यातल्या सर्वाधिक संरक्षित प्राण्यांच्या यादीतला प्राणी असेल तर किमान 3, कमाल 7.

कृपा करून पाळीव डुकराचं मटण 'रानडुक्कर' म्हणून मेनूवर लिहू नका. खरं असेल तर वन्यजीव गुन्हा, खोटं असेल तर अन्नसुरक्षा कायद्याखाली 3 लाखांपर्यंत दंड.

मग उरतं काय? फार्मवरचं जपानी बटेर. 1974 मध्ये सरकारी संशोधकांनीच ते उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरला आणलं. पाच आठवड्यांत तयार होतं. रानातला लावा, म्हणजे जंगली बटेर, मात्र संरक्षित आहे, आणि सोललेला पक्षी पाहून दोन्हींतला फरक कोणाला कळणार? वन्यजीव कायद्याच्या कलम 57 प्रमाणे माल कायदेशीर आहे हे ज्याच्याकडे सापडला त्यानेच सिद्ध करायचं असतं.

म्हणून पिल्लांचं बिल लागतं, आणि नेमकं तेच कोणाकडे नसतं. मागे माझ्याकडे हडपसरचं एक जोडपं आलं होतं. आधार, पॅन, भाडेकरार, एकेक कागद प्लास्टिकच्या पाकिटात. हॅचरीच्या (पिल्लं उबवून विकणाऱ्या केंद्राच्या) बिलावर मात्र 'पक्षी 200 नग' एवढंच. जात नाही, शिक्का नाही. बाई रडवेल्या झाल्या होत्या. बिलावर 'जपानी बटेर', तारीख आणि नग लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. सुरू करण्याआधी वनविभागाकडे लेखी विचारून ठेवा.

विक्रीचा अर्ज फॉसकॉस या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (FSSAI) पोर्टलवर भरायचा. लहान धंद्याला नोंदणी, मोठ्याला परवाना. फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा ही नेहमीचीच कागदपत्रं. दुकानात पक्षी कापणार असाल तर धंद्याच्या प्रकारात नुसती 'किरकोळ विक्री' निवडू नका, अर्ज तिथेच अडकतो. महापालिकेचा ना-हरकत दाखला वेगळा काढावा लागतो, आणि त्यात किती खेटे घालावे लागतील हे कोणीही आधी सांगत नाही. हे माझ्या मते अन्यायाचं आहे. घरमालकाची मांसविक्रीला संमती भाडेकरारातच लिहून घ्या.

परवान्याच्या अर्जात त्रुटी निघाली तर 30 दिवस मिळतात. ते सूचनेच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही ती उघडलीत त्या दिवसापासून नाही. मुदत टळली की अर्ज नामंजूर होतो. त्यामुळे अर्जात एजंटचा नको, स्वतःचा मोबाइल आणि ईमेल द्या.