पॉलिश केल्याने नाण्याची किंमत वाढत नाही

"सोन्याचं जुनं नाणं विकण्याआधी पॉलिश करून घ्या, भाव जास्त मिळतो," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. दागिन्यांच्या अनुभवावरून तो पटतोही. नाण्याचं मात्र उलट होतं. छाप बसताना सोनं दाबाखाली पसरतं आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नाणं उजेडात फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखं फिरणारं तेज दिसतं, ते या रेषांचंच. घासल्यावर त्या कायमच्या जातात. मग नाण्यांची अवस्था ठरवणाऱ्या १ ते ७० अंकांच्या प्रतवारीत अनेकदा अंकाऐवजी 'साफ केलेलं' असा शेरा पडतो. सोन्याचे पैसे वजनाप्रमाणे मिळतात, पण संग्राहक वर जी रक्कम देतात ती बुडते. दहापट भिंगाखाली नाणं तिरपं धरून पाहा: एकाच दिशेचे दाट, बारीक ओरखडे म्हणजे बहुधा घासल्याची खूण.