फिडिसा: दक्षिण आफ्रिकेच्या लष्करी रुग्णालयांत एचआयव्हीचे उपचार कसे सुरू झाले

दक्षिण आफ्रिकेच्या सैनिकांना एचआयव्हीची औषधे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मिळाली ती एका औषध-चाचणीत भाग घेऊन. राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी तेव्हा एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच शंका घेत होते. आईकडून बाळाला एचआयव्ही होऊ नये म्हणून गर्भवतींना नेव्हिरापीन हे औषध द्या, हे सरकारला सांगायलाही २००२ मध्ये घटनात्मक न्यायालय लागले. औषधे तोवर आवाक्यात येऊ लागली होती. मुंबईच्या सिप्लाने २००१ मध्ये तीन औषधांचा वर्षाचा कोर्स ३५० डॉलरला देऊ केला होता. नागरी उपचारांची योजना मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २००३ मध्ये मंजूर केली. लष्करी आरोग्यसेवेने २००४ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या संरक्षण खात्याशी आणि तिथल्या संसर्गरोग संस्थेशी हातमिळवणी करून ‘फिडिसा’ हा औषध-चाचणीचा प्रकल्प उभा केला. नावाचा अर्थ, आयुष्य वाढवणे.

प्रिटोरिया, केपटाऊन आणि ब्लूमफाँटेन इथली तीन मोठी लष्करी रुग्णालये आणि ग्रामीण भागातली काही केंद्रे यात होती. सैनिकांबरोबर त्यांच्या कुटुंबीयांनाही प्रवेश होता.

सीडी४ म्हणजे एचआयव्ही नष्ट करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी. रक्ताच्या दर घनमिलिमीटरमध्ये त्या २०० च्या खाली किंवा एड्सचा आजार, ही प्रवेशाची अट. १,७७१ जण दाखल झाले आणि त्यांच्या सीडी४ चा मध्यक होता १०६, म्हणजे निम्म्या जणांचा आकडा त्याहूनही कमी. रुग्ण इतके उशिरा का येत, याचे एक कारण लष्कराच्याच नियमांत होते असे आम्हाला वाटते. एचआयव्ही निघाला की परदेशी तैनाती बंद, बढतीही अडायची. मग एचआयव्हीच्या तपासणीला कोण स्वतःहून जाईल?

औषधांच्या चार जोड्या होत्या. एका बाजूला एफाव्हिरेन्झ किंवा लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर, दुसऱ्या बाजूला स्टॅव्ह्युडीन-लॅमिव्ह्युडीन किंवा झिडोव्ह्युडीन-डिडॅनोसिन. कागदावर सोपे, वॉर्डात अवघड. डिडॅनोसिन उपाशीपोटी घ्यायचे, लोपिनाव्हिरच्या त्या काळच्या कॅप्सूल जेवणाबरोबर, आणि त्या ठेवायच्या फ्रीजमध्ये. क्षयाचे रिफाम्पिसिन चालू असेल तर लोपिनाव्हिरची रक्तातली मात्रा सुमारे तीन-चतुर्थांशाने घसरते, म्हणजे ते जवळपास निरुपयोगी. झिडोव्ह्युडीनने हिमोग्लोबिन उतरते. ते आधीच ८ च्या खाली असेल तर हे औषध टाळावे लागे. एफाव्हिरेन्झ ६०० मिलिग्रॅम रात्री झोपताना घ्यायचे, कारण चक्कर आणि विचित्र स्वप्ने. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने ते कधी घ्यायचे?

सर्वांत जास्त त्रास स्टॅव्ह्युडीनने दिला. वजन ६० किलोच्या वर असेल तर ४० मिलिग्रॅम, खाली असेल तर ३०, दिवसातून दोनदा. तळपायांना मुंग्या येत, जळजळ होई. बूट घालून मैलोन्मैल चालणाऱ्याला हे परवडत नाही. गाल बसत, आणि बराकीत कुजबुज सुरू व्हायला तेवढे पुरे असे. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन काही असले तरी ३० मिलिग्रॅमच द्या असे सुचवले, आणि २०१० पासून दक्षिण आफ्रिकेने नव्या रुग्णांसाठी त्याच्या जागी टेनोफोव्हिर आणले.

क्षय लपलेला असताना उपचार सुरू केले की आणखी एक धोका. प्रतिकारशक्ती जागी होते आणि ताप, सुजलेल्या गाठी, धाप यांसह क्षय उफाळतो. औषध लागू पडले नाही असा समज करून रुग्ण गोळ्या सोडतो. म्हणून आधी खोकला, ताप, वजन यांची विचारपूस आणि थुंकीची तपासणी. क्षय निघाला तर त्याची औषधे आधी. एचआयव्हीची औषधे सीडी४ ५० च्या खाली असल्यास दोन आठवड्यांत, एरवी आठ आठवड्यांच्या आत. मेंदूज्वर असेल तर मात्र घाई नाही.

२००८ च्या मे महिन्यात प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने एचआयव्हीबाधितांना सरसकट भरती, तैनाती आणि बढती नाकारणे घटनाबाह्य ठरवले. फिडिसाचे निष्कर्ष २०१० मध्ये आले: एड्स किंवा मृत्यूच्या बाबतीत एफाव्हिरेन्झ आणि लोपिनाव्हिर यांच्यात, तसेच दोन्ही जोडऔषधांत ठळक फरक नव्हता, विषाणू दाबण्यात एफाव्हिरेन्झ आणि स्टॅव्ह्युडीन-लॅमिव्ह्युडीन सरस ठरले. तोवर स्टॅव्ह्युडीनचीच गच्छंती झाली होती.

देशात उपचार सुरू करण्याचा सीडी४ चा उंबरठा पुढे ३५०, मग ५०० झाला आणि सप्टेंबर २०१६ पासून सीडी४ ची अटच गेली. आता एकच गोळी: टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्ह्युडीन ३००, डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम. रिफाम्पिसिन चालू असेल तर बारा तासांनी डोल्युटेग्रॅव्हिरची आणखी ५० मिलिग्रॅमची गोळी. पित्तावरची अँटासिड औषधे मात्र तिच्यानंतर दोन तासांनी किंवा तिच्या सहा तास आधी.