पवईतली 40 मीटरची घरं: अट आली कुठून आणि अडली कुठे

मुंबईत पवईला हिरानंदानी गार्डन्स ही टॉवरांची मोठी वसाहत आहे, तिचा विषय निघाला की लोक थेट तिथलं बांधकाम अडवणाऱ्या 2012 च्या हायकोर्टाच्या ऑर्डरवर येतात, पण मामला त्याच्या बराच आधीचा आहे. 1976 ला सीलिंगचा कायदा आला, म्हणजे यूएलसी, मुंबईत कोणाकडेही 500 चौरस मीटरच्या वर मोकळी जागा नको असा, आणि त्याच काळात पवईकडची शेकडो एकर जमीन सरकारने डेव्हलपमेंट स्कीमसाठी घ्यायचं ठरवलं. बरीच वर्षं घोळ चालला आणि शेवटी नोव्हेंबर 1986 मध्ये त्रिपक्षीय करार झाला: राज्य सरकार, एमएमआरडीए (मुंबई महानगराचं नियोजन बघणारी सरकारी संस्था, तेव्हाची बीएमआरडीए) आणि जमीनमालकांच्या बाजूने बिल्डर हिरानंदानी. साधारण 230 एकर जमीन, 80 वर्षांची लीज, भाडं हेक्टरी एक रुपया. हो, एक रुपया!

आता एवढं स्वस्तात दिलं तर बदल्यात काही मागितलंही होतं ना. निम्मे फ्लॅट 40 चौरस मीटरचे (म्हणजे 430 स्क्वेअर फूट, साधा वन बीएचके), निम्मे 80 चे, आणि एकूण फ्लॅटपैकी 15 टक्के सरकारला 135 रुपये स्क्वेअर फुटाने द्यायचे. कागदावर एकदम चोख. बांधलं काय ते पवईला एक चक्कर मारली की दिसतंच, मोठाले खांब, उंच टॉवर आणि आत ऐसपैस फ्लॅट.

मग कोणी अडवलं कसं नाही? मला वाटतं खरी गोम इथेच आहे. बिल्डिंगचे प्लॅन पास करणार महापालिका, ती बघणार एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल त्याचं प्रमाण), मार्जिन (इमारतीभोवती सोडायची जागा), जिने, पार्किंग. करार मात्र एमएमआरडीएच्या कपाटात. प्लॅनमध्ये शेजारी शेजारी छोटे फ्लॅट दाखवायचे आणि प्रत्यक्षात ते जोडून एक मोठा म्हणून विकायचा, अशी तक्रार होती. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्यात पालिकेला नोटीस द्यायचा, तोडायचा अधिकार आहे, पण तो परवानगी सोडून केलेल्या बांधकामासाठी. करारातली अट मोडली तर ते दुसऱ्या ऑफिसचं काम, आणि सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) आणि ओसी (राहायला जायची परवानगी) मात्र पहिलं ऑफिस, म्हणजे पालिका, देतच राहणार.

शेवटी जनहित याचिका झाल्या, याचिकाकर्त्यांत मेधा पाटकरही होत्या. 22 फेब्रुवारी 2012 ला मुख्य न्यायमूर्ती मोहित शाह यांच्या खंडपीठाने सांगितलं की आधी कराराप्रमाणे 40 आणि 80 चौरस मीटरचे मिळून तीन हजारांच्या वर फ्लॅट बांधा, तोवर बाकीचं बांधकाम नाही. दंडापेक्षा ही गोष्ट मोठी, कारण दंड काय, फ्लॅटच्या भावात मिसळून जातो, काम थांबलं की मात्र खरंच झोंबतं. पण तोवर करार होऊन पंचवीस वर्षं झालेली, ज्यांच्यासाठी अट घातली होती ती माणसं कधीच बदलापूर-विरारला गेली.

मधल्या काळात 2007 ला राज्याने यूएलसी कायदाच रद्द केला, मग सीलिंगमधून सूट घेताना घातलेल्या जुन्या अटी उरल्या की गेल्या यावर वेगळी कोर्टबाजी. 2014 ला हायकोर्टाच्या पूर्णपीठाने उरल्या म्हणून सांगितलं.

नोव्हेंबर 2013 च्या नियमात सरकार थोडं शहाणं झालेलं दिसतं. मोठ्या शहरांत 4000 चौरस मीटर किंवा जास्त जागेवर स्कीम केली तर 20 टक्के छोटी घरं म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेमार्फत द्यायची, आणि त्या घरांची ओसी झाल्याशिवाय बाकीच्यांना ओसी नाही. म्हणजे अट थेट ओसीलाच बांधली. त्यावरही तोड निघालीच म्हणा, प्लॉटचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा 4000 च्या आत ठेवायचा, असा आरोप नाशिकमध्ये झाला आणि 2022 ला विधान परिषदेत त्यावर चांगलाच गदारोळ झाला.